झेब्रा माशाचा मेंदू पुन्हा कसा भरून येतो?

मोडलेले हाड सांधते, कापलेल्या कातडीखाली नवी कातडी येते. मेंदूतील चेतापेशी मात्र एकदा मेल्या की त्यांची जागा सहसा रिकामीच राहते. पक्षाघातानंतर लुळा पडलेला हात किंवा हरपलेली वाचा अनेकदा पूर्णपणे परत येत नाही, त्याचे एक मुख्य कारण हेच आहे. जेमतेम दीड-दोन इंच लांबीच्या झेब्रा माशाला मात्र ही मर्यादा नाही. मेंदूला जखम झाली, तर हा मासा नव्या चेतापेशी तयार करतो आणि काही आठवड्यांत ती जखम भरून काढतो.

अंगावर निळसर पट्टे मिरवणारा हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातील. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याची नोंद केली. घरोघरच्या काचपेट्यांत तो आढळतोच. पण प्रयोगशाळेत त्याला मानाचे स्थान मिळवून दिले ते अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी, १९८१ मधील संशोधनाने. त्याचे भ्रूण आईच्या शरीराबाहेर वाढते आणि पारदर्शक असते. त्यामुळे मेंदू आकार घेताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येतो. शिवाय, माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांशी नाते सांगणारे किमान एक जनुक या माशात असते, हे २०१३ मध्ये त्याच्या जनुकसंचाच्या वाचनातून स्पष्ट झाले.

या माशाच्या मेंदूचा ध्यास घेतलेल्या विकासजीवशास्त्रज्ञांपैकी एक म्हणजे जर्मनीतील ड्रेस्डेन येथील मायकेल ब्रँड. मध्यमेंदू आणि पश्चमेंदू यांच्यामधील सीमा कोणती जनुके आखतात, याचा शोध त्यांनी १९९६ मध्ये ट्युबिंगेन येथील संशोधनात घेतला होता. भ्रूणात मेंदू घडतो कसा, या प्रश्नावरून ते पुढे प्रौढ मेंदू पुन्हा घडतो कसा, या प्रश्नाकडे वळले. सस्तन प्राण्यांच्या प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी प्रामुख्याने दोनच भागांत जन्मतात. झेब्रा माशाच्या प्रौढ मेंदूत मात्र पेशींची वाढ चालू असलेले १६ भाग असल्याचे ब्रँड यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवून दिले.

२०११ मध्ये या गटाने माशाच्या नाकपुडीतून बारीक नळी सरकवून अग्रमेंदूला जखम केली आणि विशिष्ट पेशींवर जनुकीय खूण करून त्यांचा माग काढला. ‘रेडियल ग्लिया’ प्रकारच्या मूलपेशी विभाजित झाल्या, त्यांच्यापासून जन्मलेल्या पेशी जखमेकडे सरकल्या आणि तेथे त्यांच्या परिपक्व चेतापेशी झाल्या. या पेशी तीन महिन्यांहून अधिक काळ टिकल्या. मानवी भ्रूणाचा मेंदूही अशाच रेडियल ग्लियांपासून घडतो. परंतु जन्माच्या सुमारास त्यातील बहुतेकांचे रूपांतर होऊन त्यांची ही क्षमता संपते.

मग माशातील मूलपेशींना जखमेची वर्दी देतो कोण? २०१२ मध्ये मिळालेले उत्तर अनपेक्षित होते. ते म्हणजे दाह, अर्थात जखमेवर धावून येणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींची खळबळ. संशोधकांनी जखम न करताच, यीस्टच्या पेशीभित्तिकेपासून मिळणारा झायमोसॅन हा पदार्थ मेंदूत टोचून केवळ दाह निर्माण केला, तरी मूलपेशी कामाला लागल्या. औषधाने दाह दडपला, तेव्हा जखम होऊनही त्यांचा प्रतिसाद मंदावला. दाहाच्या वेळी तयार होणारा ‘ल्युकोट्राइन सी-४’ हा रेणू टोचला, तेव्हा तेवढ्यानेही हा प्रतिसाद सुरू झाला.

सस्तन प्राण्यांच्या मेंदूत दीर्घकाळ टिकणारा दाह हानिकारक मानला जातो आणि जखमेच्या जागी ग्लिया पेशींचा व्रण उभा राहतो. माशात तोच दाह दुरुस्तीची हाक ठरतो. प्रश्न म्हणूनच केवळ दाह शमवण्याचा उरत नाही. त्याला मिळणारा प्रतिसाद दोन मेंदूंत इतका वेगळा का, हे शोधण्याचा आहे. अर्थात, माशाच्या मेंदूत घडते ते माणसाच्या कितीतरी गुंतागुंतीच्या मेंदूत तसेच घडेल, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही आणि या प्रयोगांतून लगेच औषध हाती येणार नाही. परंतु पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचा प्रौढ मेंदूही स्वतःची डागडुजी करू शकतो, एवढे या चिमुकल्या माशाने सिद्ध केले आहे.