साक्षीदार तपासणारा वाचक

मराठी वाचकाच्या मनात लोकप्रिय कादंबऱ्यांची एक उतरंड पक्की आहे. ‘स्वामी’, ‘छावा’, ‘पानिपत’ वरच्या फळीवर. संग्रही ठेवायच्या, वाढदिवसाला भेट द्यायच्या. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा आणि सुहास शिरवळकरांच्या थरारकथा खालच्या फळीवर. प्रवासात वाचायच्या आणि मुदत संपायच्या आत लायब्ररीत परत करायच्या. भाषेचा डौल, विषयाचा आवाका आणि माणसांची खोली पाहिली तर ही उतरंड बरीचशी रास्त आहे. पण लेखक वाचकाशी किती सचोटीने वागतो, हे पाहू गेलं तर चांगली रहस्यकथा ऐतिहासिक कादंबरीच्या पुढे जाते. म्हणूनच रहस्यकथा वाचताना जी नजर तयार होते, ती ऐतिहासिक कादंबरी हातात घेताना मिटून ठेवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

रहस्यकथेचा वाचक लेखकाकडे हिशेब मागतो. अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ १९२६ साली आली, तेव्हा तिचा शेवट वाचून काही वाचक-समीक्षक चिडले. लेखिकेने आपल्याला फसवलं, अशी त्यांची तक्रार होती. शेवट इथे सांगत नाही. पण पुस्तक पुन्हा उघडलं की दिसतं, खुणा सगळ्या समोरच होत्या आणि आपण त्यांवरून पुढे गेलो होतो. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू असलेल्या रहस्यकथाकाराने दहा नियमच लिहून काढले. गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही, हा त्यातला एक. नियम पुढे अनेकांनी मोडले, पण पुरावा वाचकासमोर ठेवायचा ही अपेक्षा टिकली. ऐतिहासिक कादंबरीच्या वाट्याला अशी तपासणी फारशी येत नाही. अमुक प्रसंग कुठल्या पत्रात आहे, कुठल्या बखरीत आहे की लेखकाच्या मनातला आहे, हे बहुतेक वाचक विचारतच नाहीत.

त्याची किंमत काय असते, हे संभाजी महाराजांच्या बाबतीत लख्ख दिसतं. व्यसनी, उतावळा, बापाचं राज्य घालवणारा मुलगा हे त्यांचं चित्र कित्येक पिढ्या नाटकांनी आणि कथा-कादंबऱ्यांनी गिरवलं. राम गणेश गडकऱ्यांचं अपुरं राहिलेलं ‘राजसंन्यास’ही त्याच वाटेवरचं. या चित्राचा एक मोठा आधार मल्हार रामराव चिटणीसांची बखर. आता तपास अधिकाऱ्यासारखं या साक्षीदाराकडे पाहावं. महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ची आणि बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे मध्ये शंभराहून अधिक वर्षं. म्हणजे साक्ष ऐकीव. दुसरं असं की मल्हार रामराव हे बाळाजी आवजी चिटणीसांच्या वंशातले, आणि बाळाजींना १६८१ साली कटाच्या आरोपावरून संभाजी महाराजांनीच देहदंड दिला होता. घटना डोळ्यांनी न पाहिलेला आणि घराण्याचं दुःख पोटात असलेला साक्षीदार कोणत्याही रहस्यकथेत उभा राहिला, तर दहावीतला मुलगासुद्धा सावध होईल. इथे मात्र भलेभले लेखक सावध झाले नाहीत.

हे चित्र बदललं ते अस्सल कागदांमुळे. वा. सी. बेंद्रे यांचं संभाजीचरित्र १९६० साली आलं, त्यानंतर डॉ. कमल गोखले यांचं संशोधन आलं. नऊ वर्षं औरंगजेबाशी झुंजणारा, संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा राजा या अभ्यासातून पुढे आला. शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ची. संशोधनाने मोकळ्या केलेल्या जमिनीवर ती उभी आहे. तिने तो राजा घराघरात पोहोचवला, हे तिचं मोठं श्रेय. तरी स्पष्ट सांगायचं तर ‘छावा’त लेखक आपल्या नायकाचा वकील होतो. साक्षीदार आकसाचा ठरला म्हणून त्याचं प्रत्येक वाक्य खोटं ठरत नाही. संभाजीराजे १६७८च्या अखेरीस मुघल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले, ही गोष्ट शत्रूने रचलेली नाही, ती घडलेली आहे. त्या पावलामागे घरातला कलह किती आणि तरुण राजपुत्राची चूक किती, हा प्रश्न उघडा ठेवणारी कादंबरी मला अधिक मोठी वाटली असती. बदनामीची भरपाई गौरवाने करावी, ही भावना समजू शकते. पण त्यात माणूस पुन्हा एकदा हातातून निसटतो.

इतकं तपासत बसलं तर वाचनातली रंगत जाईल, असं काहींना वाटेल. मला उलट दिसतं. फ्रेडरिक फोर्सिथची ‘द डे ऑफ द जॅकल’ १९७१ची. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला निघालेल्या भाडोत्री मारेकऱ्याची ही गोष्ट. द गॉल आदल्याच वर्षी आपल्या घरी वारले होते, म्हणजे मारेकरी फसणार हे पहिल्या पानापासून ठाऊक. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. खोटा पासपोर्ट कसा मिळवतात, बंदूक कशी बनवून घेतात आणि लपवतात, हे पायरीपायरीने पाहताना श्वास अडकतो. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ माझ्या मते याच कारणाने पकडते. १४ जानेवारी १७६१ला काय झालं ते शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. पण ऑक्टोबर १७६०मध्ये अब्दाली बागपतला यमुना उतरतो, मराठे आणि दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसतो, रसद तुटत जाते, माणसांना दाणा नाही आणि जनावरांना वैरण नाही. त्या उपासमारीचा एकेक दिवस वाचताना वाचक ‘अजून वाट आहे’ असं मनाशी म्हणत राहतो. हा थरार कागदपत्रांतून आलेला आहे. लढाईच्या आरोळ्यांपेक्षा त्या रिकाम्या होत जाणाऱ्या छावणीची पानं मला कितीतरी मोलाची वाटतात.

खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो वजनदार आहे. कादंबरी म्हणजे इतिहासाचा ग्रंथ नव्हे. कागद जिथे गप्प होतात तिथेच कादंबरीकाराचं काम सुरू होतं. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’त थोरल्या माधवरावांचं आणि रमाबाईंचं जे हळवं नातं आहे, त्यातला एकही संवाद कुठल्या दप्तरात मिळणार नाही. माधवराव सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या, इतकं इतिहास सांगतो. मधली जागा देसाईंनी भरली, आणि ती भरण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. त्या संवादांवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो कल्पना कुठे सुरू झाली हे वाचकाला न कळण्यावर. पुढे तेच संवाद व्याख्यानांत, मालिकांत, शाळेच्या भाषणांत इतिहास म्हणून फिरू लागतात. शिवाय नवरा-बायकोचं खासगी बोलणं कल्पणं वेगळं आणि एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीच्या माथी खून किंवा फितुरी मारणं वेगळं. पहिल्यासाठी प्रतिभा पुरते. दुसऱ्यासाठी पुरावा लागतोच, कारण आरोपी उत्तर द्यायला हजर नसतो.

मजकुरात तळटिपा पेरून कथेची लय मोडावी, असं कोणी म्हणत नाही. पुस्तकाच्या शेवटी चार पानं पुरतील: कोणती साधनं वापरली, कोणती माणसं कल्पित आहेत, कोणत्या दोन घटना सोयीसाठी जवळ आणल्या, आणि अभ्यासकांत जिथे मतभेद आहेत तिथे आपण कोणता पक्ष का घेतला. या कादंबऱ्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघतात. पुढच्या आवृत्तीत ती पानं जोडणं प्रकाशकांच्या हातात आहे, आणि पुस्तक विकत घेताना ती मागणं वाचकांच्या.