ऊसपट्ट्यातील स्पोर्ट्स बाइक : घरची देखभाल, हौशीचे बदल आणि कायदा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील कोल्हार हे प्रवरेकाठचे बाजारगाव नगर-मनमाड महामार्गावर राहुरी आणि बाभळेश्वर यांच्या दरम्यान वसलेले असून लोणी, संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने घोटीकडे जाणारा कोल्हार-घोटी रस्ता येथूनच सुटतो. महामार्गावर शिर्डीच्या भाविकांची आणि लांब पल्ल्याच्या मालट्रकांची अखंड वर्दळ, आतल्या रस्त्यांवर गळीत हंगामात ऊस लादून चाललेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, आणि पश्चिमेला अकोल्याच्या पुढे भंडारदऱ्याकडे चढत जाणारी वळणे, असे तीन वेगळ्या स्वभावांचे रस्ते या एका गावातून साधतात. शर्यतीच्या गुळगुळीत धावपट्टीवरून जिची कल्पना उचलली गेली, ती स्पोर्ट्स बाइक अशा ठिकाणी नीट चालवायची तर तिच्या देखभालीचा विचार सेवापुस्तिकेच्या जोडीने रस्त्याच्या, पाण्याच्या आणि धुळीच्या हिशेबानेही करावा लागतो.

स्पोर्ट्स बाइक म्हणजे जिच्यावर चालक पुढे झुकून बसतो, जिचे हँडल खाली आणि जवळ असते, वारा कापण्यासाठी जिला प्लास्टिकचे आवरण म्हणजे फेअरिंग असते, आणि जिचे इंजिन जास्त फेऱ्यांवर जोर देते अशी दुचाकी. महाराष्ट्रातील ग्रामीण तरुणाच्या आवाक्यात वेगाची हौस आणली ती बजाज ऑटोच्या पल्सरने, जी नोव्हेंबर २००१ मध्ये १५० आणि १८० सीसी अशा दोन रूपांत आली. २००८ मध्ये यामाहाच्या आर-१५ ने द्रवशीतन, फ्युएल इंजेक्शन आणि फेअरिंग हे तिन्ही १५० सीसीच्या गाडीत एकत्र आणले. आणि २०१२ पासून चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएमच्या गाड्या विक्रीस आल्या, ज्यांतील आरसी २०० आणि आरसी ३९० या फेअरिंगवाल्या जोडीचे आगमन २०१४ चे. खुद्द अहिल्यानगर जिल्ह्याचाही या इतिहासात वाटा आहे. लुना ही मोपेड १९७२ मध्ये आणणाऱ्या कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना नगर शहरालगत आहे, याच कंपनीने या शतकाच्या आरंभी कोरियाच्या ह्योसंगच्या २५० सीसी गाड्या भारतात आणून पाहिल्या, आणि २०१८ मध्ये याच उद्योगसमूहाच्या मोटोरॉयाल या शाखेने एमव्ही ऑगस्टासारख्या परदेशी गाड्यांची जुळणी नगरमध्ये सुरू केली. नगर-मनमाड रस्त्यावरून लुना धावत होती त्या काळात त्याच जिल्ह्यात पुढे इटालियन स्पोर्ट्स बाइकचे सुटे भाग जोडले जातील, असे कोणाला सुचलेही नसते.

मात्र कोल्हार परिसरातील यंत्रकौशल्याचा उगम दुचाकीत नाही, तो बागायतीत आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाल्यावर प्रवरेच्या कालव्यांनी ऊस पिकू लागला, कोल्हारशेजारच्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले, आणि त्यामागोमाग ऑइल इंजिने, पाण्याचे पंप, ट्रॅक्टर, ट्रॉल्या व त्यांची दुरुस्ती करणारी वेल्डिंगची दुकाने आली. त्यामुळे शेतकरी घरात रिंग पाना, डबल पाना, गोटी पाना, पक्कड आणि ग्रीसचा डबा असतोच, आणि नट सोडायला हात कचरत नाही. हे भांडवल मोठे असले तरी त्याला एक खोड आहे. ट्रॅक्टरच्या ओतीव लोखंडाला ‘अजून एक पिळा’ मानवतो, पण स्पोर्ट्स बाइकचे इंजिनकवच ॲल्युमिनियमचे असते, आणि तेल सोडण्याचा ड्रेन बोल्ट तेवढ्याच जोमाने आवळला तर आटे जातात. म्हणून घरी काम करणाऱ्याने आधी टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला जोर लागताच खटका देणारा पाना, विकत घ्यावा. दिखाऊ आरसे आणि रंगीत लिव्हर यांच्यावर जाणाऱ्या पैशात तो सहज येतो.

दुसरी गरज स्टँडची. वजन आणि जमिनीपासूनची उंची यांच्या हिशेबात स्पोर्ट्स बाइकला बहुधा डबल स्टँड दिलेलाच नसतो, त्यामुळे मागचे चाक मोकळे फिरवता येत नाही आणि चेनची निगा राहून जाते. याला उपाय पॅडॉक स्टँडचा, म्हणजे मागच्या चाकाच्या आधारदांड्याला (ज्याला स्विंग आर्म म्हणतात) दोन्ही बाजूंनी उचलून धरणाऱ्या लोखंडी चौकटीचा. ट्रॉलीचे साटे जोडणाऱ्या वेल्डरला चौकोनी पाइपमधून ही चौकट बनवणे अवघड नाही, फक्त गाडीला टेकणाऱ्या जागी रबर हवे आणि दोन्ही बाजूंची उंची तंतोतंत सारखी हवी.

चेन हा या सगळ्या देखभालीचा गाभा आहे, आणि कोल्हारसारख्या ठिकाणी तर तिच्यावरच गाडीचे बरेच आयुष्य ठरते. आजच्या स्पोर्ट्स बाइकच्या चेनमध्ये प्रत्येक पिन आणि तिच्यावरची नळी यांच्यामध्ये कारखान्यातच ग्रीस भरलेले असते, आणि ते बाहेर पडू नये म्हणून कड्यांच्या पट्ट्यांमध्ये बारीक रबरी कड्या बसवलेल्या असतात, ज्यांना ओ-रिंग म्हणतात. चेन संपते ती बहुधा या रबरी कड्या फाटून आतले ग्रीस वाळल्यामुळे. ट्रॉलीमागून चालताना उडणारी माती, पाचटाचा भुगा आणि पावसाळ्यात चिकटणारा काळ्या रानाचा चिखल चेनवरच्या तेलात मिसळला की त्याचा घासणारा लेप तयार होतो आणि तो कड्यांच्या कडा कुरतडतो. तो काढताना पेट्रोल किंवा तारेचा ब्रश वापरला, तर चेन चकचकीत दिसते पण रबर फुगते किंवा कापले जाते. रॉकेल किंवा चेनसाठीचा क्लीनर, मऊ ब्रश आणि जुने सुती फडके एवढ्यावर काम भागते. चाक हाताने फिरवावे, इंजिन सुरू करून गिअरमध्ये कधीही फिरवू नये, कारण फडके दात्यात, म्हणजे चेनच्या दातेरी चाकात, ओढले गेले की त्यामागे बोटेही जातात. कोरड्या झालेल्या चेनच्या आतल्या बाजूने, जिथे ती दात्यांना भिडते तिथे, ९० क्रमांकाचे गिअर ऑइल थेंबाथेंबाने सोडावे आणि काही वेळाने वरचे तेल पुसून टाकावे, कारण जे तेल बाहेर दिसते ते केवळ धूळ गोळा करते. साधारण ५०० किलोमीटरला एकदा हा क्रम सांगितला जातो; गळीत हंगामात आणि चिखलाच्या दिवसांत तो निम्म्यावर आणणे शहाणपणाचे. चेनचा ढिलेपणा चाकाच्या एकाच जागी मोजणे ही नेहमीची चूक होय, कारण चेन सर्वत्र सारखी झिजत नाही. चाक फिरवत जिथे ती सर्वाधिक ताठ लागते ती जागा शोधून तिथेच पुस्तिकेतील माप ठेवावे लागते, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा एका रेषेत आणाव्या लागतात. मागच्या दात्यावरून कडी ओढल्यावर ती उचलून येऊ लागली, किंवा दात एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले दिसले, तर चेन आणि दोन्ही दाते असा पूर्ण चेनसेटच बदलावा.

पाण्याचा प्रश्न या भागात वेगळ्या रीतीने येतो. कालव्याच्या दीर्घ सिंचनाने प्रवरा खोऱ्यातील काही जमिनी क्षारपड झाल्या असून अनेक विहिरी आणि बोअरचे पाणी जड आहे. द्रवशीतन असलेल्या इंजिनात कूलंट, म्हणजे इथिलीन ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी यांचे मिश्रण, अरुंद नळ्यांतून फिरते; त्यात बोअरचे पाणी ओतले तर क्षारांचा थर बसतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात शिर्डीच्या गर्दीत हळू चालताना पंखा फिरूनही तापमान उतरत नाही. बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी किंवा तयार कूलंट यांचा खर्च त्या मानाने क्षुल्लक आहे, आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये हे तर ऑइल इंजिन हाताळलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. रेडिएटरच्या पातळ पाकळ्यांत अडकलेला चिखल काढण्यासाठी फवारणीचा एचटीपी पंप लावण्याची सोयीस्कर सवय मात्र सोडावी लागते, कारण तो झोत पाकळ्या वाकवतो, चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीस धुऊन काढतो आणि वायरिंगच्या जोडांत पाणी घालतो. औषधाचा अंश टाकीत उरला असेल तर रंगाचे आणि हातांचे नुकसान वेगळेच.

तेलाच्या बाबतीत एकच गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच हे तिन्ही एकाच तेलात असतात, तर चारचाकीच्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असल्याने ती घातल्यास क्लच घसरू लागतो. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ ही दुचाकीच्या ओल्या क्लचसाठीची जपानी प्रमाणखूण पाहून आणि पुस्तिकेत दिलेला घट्टपणा जुळवूनच तेल घ्यावे. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधील उरलेले तेल तर मुळीच चालत नाही. ब्रेकचे द्रव हवेतील ओल शोषते, आणि डॉट ४ या प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असला तरी ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत चालवून घेतला जातो. घाटउतारावर ब्रेक तापले असताना या फरकाला अर्थ येतो, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलतात. एबीएस असलेल्या गाडीत हे काम जाणकाराच्या हाताखालीच शिकावे.

आता बदलांकडे. गावोगावच्या हौशीत बदल म्हणजे आधी सायलेन्सर, मग मोठा टायर, मग नंबरप्लेट, अशी साधारण उतरंड दिसते, आणि गाडी ज्या रस्त्यावर चालते त्या रस्त्याशी यातल्या एकाचाही संबंध नसतो. त्याच रिमवर जास्त रुंद टायर चढवला तर त्याच्या कडा आत दबतात, त्याचा गोल आकार बिघडतो आणि वळताना गाडी जड लागते. उलट गाडीतच दिलेली एक सोय बहुतेक मालक विकत घेतल्यापासून हातही न लावता वापरतात, ती म्हणजे मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, अर्थात स्प्रिंगला आधीच देऊन ठेवलेला दाब. त्याचे माप घ्यायला दोन माणसे आणि शिवणकामाची टेप पुरते. मागचे चाक अधांतरी असताना चाकाच्या आसापासून सरळ वर शेपटीवर केलेल्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे, मग चालकाने नेहमीच्या कपड्यांत आणि हेल्मेटसह बसून दोन्ही पाय वर घ्यावेत, एकाने गाडी तोलून धरावी आणि तेच अंतर पुन्हा मोजावे. दोहोंतील फरक म्हणजे चालकाच्या वजनाने गाडी किती बसते ते. मागच्या चाकाची एकूण हालचाल १५० मिलिमीटर असेल तर हा फरक तिच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, ४५ ते ५० मिलिमीटर असावा. फरक जास्त आला तर प्रीलोड वाढवावा, कमी आला तर उतरवावा. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होते हा समज सर्वत्र आढळतो, पण स्प्रिंगचा ताठपणा तोच राहतो आणि बदलते ती गाडीची बसण्याची उंची. मागे माणूस बसवून घोटीच्या रस्त्याला लागण्याआधी एक-दोन खाचा वाढवणे आणि परत आल्यावर उतरवणे एवढ्याने खड्ड्यांत तळ आपटणे आणि वळणावर पुढचे चाक हलके होणे दोन्ही कमी होतात. लिव्हरची उंची मनगट सरळ राहील अशी बसवणे आणि टायर थंड असताना हवा तपासणे हेही याच जातीचे बदल. पुढच्या दात्याचे दात कमी करण्याचा प्रयोग त्या मानाने सबुरीने करावा : १५ आणि ४५ दातांच्या जोडीत पुढचा १४ दातांचा लावला तर ओढ सुमारे ७ टक्के वाढते, पण महामार्गावर त्याच वेगाला इंजिन तेवढेच जास्त फिरते आणि चेन लहान वर्तुळावर वळून लवकर झिजते.

सायलेन्सरचा विषय केवळ आवाजाचा नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या गाडीत निकासनळीतील संवेदक जळलेल्या वायूतील ऑक्सिजन मोजतो, त्यावरून संगणक पेट्रोलचे प्रमाण ठरवतो, आणि पुढे उत्प्रेरक कक्षात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या धातूंच्या लेपावर विषारी वायूंचे रूपांतर होते. बाजारातून आणलेली पोकळ नळी लावताना अनेकदा हा कक्षच काढला जातो. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे, आणि त्या गाडीचे मॉडेल चाचणीत उत्तीर्ण झाल्यावरच रस्त्यावर येते. अशी चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांपैकी एक, म्हणजे संरक्षण संशोधन विभागाची व्हीआरडीई, नगरजवळच आहे. कोल्हारच्या रस्त्यावर कडाडणारा सायलेन्सर ज्या प्रमाणपत्राला बाद करतो, तसले प्रमाणपत्र त्याच जिल्ह्यात दिले जाते.

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र खटल्यात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. रंग हा नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील असल्याने तो बदलल्यास ज्या कार्यालयात गाडीची नोंद आहे, म्हणजे कोल्हारच्या बहुतेक गाड्यांसाठी एमएच-१७ चे श्रीरामपूर कार्यालय, तिथे नोंद करून घ्यावी लागते. आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेस पडला तर दाव्यावर वाद होतो. हे सारे हौशी मंडळींना अगदीच ठाऊक नसते असे नाही, कारण काढलेला कंपनीचा सायलेन्सर सहसा भंगारात जात नाही, तो गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला जातो, आणि गाडी विकायला निघाली की खाली उतरवून पुन्हा बसवला जातो.