शून्य राखणारा गडी

कवठे महांकाळच्या कुठल्याही शाळेच्या मैदानात फुटबॉल टाकून पाहा. प्रत्येक पोराला पुढे खेळायचे असते, गोल मारायचा असतो. ‘तू मागे थांब’ म्हटले की चेहरा उतरतो. अशा पोरांना राहुल भेके या मराठी बचावपटूची गोष्ट सांगायला हवी.

कबड्डी आपल्या ओळखीची. तिथे कोपऱ्यावरच्या गड्याने चढाई करणाऱ्याचा पाय धरला की लगेच गुण मिळतो. फुटबॉलमध्ये बचावपटूने दहा हल्ले परतवले तरी फलक हलत नाही. समोरच्या संघाचे शून्य, हीच त्याची कमाई.

भेकेचा जन्म १९९० सालचा, मुंबईचा. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल असा प्रवास करत २०१७ मध्ये तो बंगळुरू एफसीत आला. भारताकडून पहिला सामना मिळाला जून २०१९ मध्ये, थायलंडमधल्या किंग्ज चषकात. तेव्हा वय होते २८.

त्याआधी तीनच महिने, १७ मार्च २०१९ रोजी, मुंबईत इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. समोर होता गोल मारण्यात त्या मोसमात अव्वल असलेला एफसी गोवा. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत, ११७व्या मिनिटाला, कॉर्नरवर भेकेने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि बंगळुरूने १-० असे विजेतेपद मिळवले.

बचावपटू पुढे कसा? कॉर्नरचा चेंडू उंचावरून येतो, म्हणून हेडिंग चांगले असणारे बचावपटू तेवढ्यापुरते पुढे जातात. चेंडू हुकला, तर मागची मोकळी जागा भरायला पुन्हा धावत यायचे!

एप्रिल २०२२ मध्ये रियाधला मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीतला भारतीय क्लबचा तो पहिला विजय. निर्णायक गोल भेकेचाच, तोही डोक्याने. मे २०२४ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबई सिटीने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने नमवून सुपर लीगचा चषक जिंकला.

भेके गाजला तो अशा गोलांमुळे. पण २०१९च्या त्या रात्री गोव्याला १२० मिनिटे गोल करू दिला नाही, ते बंगळुरूच्या बचावफळीने. यापुढे वर्तमानपत्रात १-० असा निकाल दिसला, तर त्यातले शून्यही वाचा. तेही कुणीतरी घाम गाळून मिळवलेले असते.