पिंजऱ्यातलं ‘ऑटोमॅटिक’ पाणी: निपलकडे रोज बघा! 🐹

टाकी, नळी, निपल जोडले की पाण्याची चिंता मिटली असं वाटतं. पण निपल तुंबलं तर बाहेरून काही कळत नाही, आणि गळलं तर अख्खा भुसा भिजतो. गिनीपिगला रोज दर १०० ग्रॅम वजनामागे साधारण १० मिली पाणी लागतं.

✅ रोज: प्रत्येक निपल बोटाने दाबून पाणी येतं का पाहा. गिनीपिग तोंडातला चारा निपलमध्ये कोंबतात, तिथे जास्त लक्ष.

✅ आठवड्याला: नळीचं शेवटचं टोक उघडून साचलेलं पाणी जोरात वाहू द्या. नाहीतर आत जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. स्यूडोमोनाससारखे जिवाणू त्यात तग धरतात.

✅ बोअरचं पाणी असेल तर: क्षार बसलेली निपलं व्हिनेगरमध्ये भिजवा, मग स्वच्छ धुवा.

✅ टाकी उंचावर ठेवा: १ मीटरला जेमतेम १.४ पीएसआय दाब मिळतो. घरचा नळ थेट जोडू नका, जास्त दाबाने निपलं गळतात.

❌ गिनीपिगच्या पाण्यात व्हिटॅमिन सी नको. ते लवकर नष्ट होतं. त्याऐवजी ढोबळी मिरची द्या.

नवा प्राणी निपल वापरायला शिकेपर्यंत बाटलीही लावून ठेवा.

#गिनीपिग #हॅमस्टर #पाळीवप्राणी