पाळी बदलताना

रात्रभर जागलेल्या निवासी डॉक्टरने सकाळी वॉर्डाचा कारभार दिवसपाळीच्या सहकाऱ्याच्या स्वाधीन करावयाचा, ही बाब बाहेरून मामुली दिसत असली, तरी कोणाचा श्वास पहाटे जड झाला, कोणत्या रक्ततपासणीचा अहवाल यावयाचा आहे आणि तो प्रतिकूल आल्यास काय करावयाचे, हे सारे त्या अल्पावकाशात सुखरूप पोहोचले नाही, तर अचूक निदानही निष्फळ ठरण्याचा संभव असतो. डॉक्टरांच्या सलग कामाच्या तासांवर अनेक देशांत मर्यादा आल्या, हे न्याय्यच झाले. परंतु त्यायोगे पाळ्या वाढल्या आणि माहिती निसटण्याचे प्रसंगही वाढले.

अमेरिका व कॅनडा येथील ९ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत पाळी बदलताना माहिती सोपवण्याची ‘आय-पास’ नावाची पद्धती अमलात आणली गेली, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. तीत प्रथम आजाराचे गांभीर्य सांगावयाचे, मग रुग्णाचा वृत्तान्त, शिल्लक कामे व संभाव्य संकटाची तजवीज. आणि शेवटी, ज्याने ऐकले त्याने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगावयाचे. माझ्या मते या पद्धतीचा प्राण ह्या अखेरच्या पायरीत आहे, कारण थकलेल्या वक्त्याचे विस्मरण आणि घाईतल्या श्रोत्याचा गैरसमज ही दोन्ही तेथेच उघडकीस येतात. मात्र माहिती सोपवली जात असताना दूरध्वनी दुसऱ्या कोणी सांभाळावा, एखादा ज्येष्ठ डॉक्टर हजर असावा आणि रुग्णाजवळ रात्र काढलेल्या परिचारिकेलाही बोलावयास आवर्जून सांगावे.