बॅटरीतला पडदा



मोबाईलची बॅटरी फुगलेली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मार्च 2022 मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली, ती दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. अशा आगींची कारणे निरनिराळी असतात. पण पुष्कळदा बॅटरीच्या आत जे घडते ते एकच, दोन इलेक्ट्रोड एकमेकांना भिडतात.

लिथियम-आयन बॅटरीत हे दोन इलेक्ट्रोड अगदी जवळ असतात. मध्ये फक्त एक पडदा. त्याला सेपरेटर म्हणतात. जाडी सुमारे 20 मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाच्या पाचव्या हिश्शाइतकी! त्याने लिथियमचे आयन चहाच्या गाळणीसारखे पलीकडे जाऊ द्यायचे, पण इलेक्ट्रोड भिडू द्यायचे नाहीत. फुगलेली बॅटरी मुलांनी टोचू किंवा दाबू नये ते यासाठीच. टोचली की पडदा फाटतो.

हा पडदा बहुधा पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. पॉलिथिलीन 130 ते 135 अंश सेल्सिअसला वितळू लागते, छिद्रे बुजतात आणि बॅटरी बंद पडते. ही खरे तर सोयच आहे. पण उष्णता वाढतच राहिली तर तापल्या तव्याजवळ नेलेल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखा पडदा आकसतो आणि कडेने इलेक्ट्रोड उघडे पडतात.

यावर एक उपाय म्हणजे नॅनो तंतूंचा पडदा. जत्रेत साखरेचे 'म्हातारीचे केस' करताना पाहिलेत ना? तिथे चाक फिरते, इथे वीज ओढते. पॉलिमर (आम्ही हिंदी माध्यमात 'बहुलक' शिकलो, मराठीत 'बहुवारिक') द्रावणात विरघळवून सुईतून सोडतात. सुई आणि समोरचा पत्रा यांत 10 ते 20 हजार व्होल्टचा दाब असतो. थेंब ताणला जाऊन त्याची धार निघते, ती हवेत चाबकासारखी वळवळते, द्रावक उडून जातो आणि पत्र्यावर तंतूंची गादी साचते. तंतूची जाडी काहीशे नॅनोमीटर, केसाहून शेकडो पटींनी कमी. हे तंत्र नवे नाही. अँटन फॉर्महाल्स यांनी 1934 मध्येच त्याचे पेटंट घेतले होते.

नेहमीच्या पडद्यात पोकळ जागा सुमारे 40 टक्के असते, या गादीत ती 60 ते 80 टक्क्यांपर्यंत जाते. द्रव लवकर मुरतो, आयन सहज जातात. पॉलिइमाइडसारखा पदार्थ घेतला तर पॉलिथिलीन वितळेल त्या तापमानालाही पडदा आकसत नाही. ड्यूपाँट कंपनीने 2010 मध्ये असा पडदा जाहीर केला होता.

मग सगळीकडे हाच का नाही? एका सुईतून तासाला ग्रॅमभरही तंतू निघत नाही. गादी नाजूक, कारखान्यात गुंडाळताना फाटते. शिवाय न वितळणाऱ्या पडद्यात छिद्रे बुजण्याची ती सोय उरत नाही! म्हणून काही संशोधक त्यात लवकर वितळणारे तंतूही मिसळतात.

पुण्यातील आयसरच्या सहकार्याने केपीआयटी कंपनीने डिसेंबर 2023 मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. तीत लिथियम नाही, पण पडदा तिलाही लागतोच. दहावी-बारावीच्या मुलांपैकी कुणाला रसायनशास्त्र आवडत असेल, तर या पडद्यात करण्याजोगे काम पुष्कळ शिल्लक आहे.