बाह्य भिंतींचे आवरण : टिकाऊपणा ठरतो पाण्याच्या निचऱ्यावर

बनशंकरी (बंगळुरू) : दक्षिण बंगळुरूतील बनशंकरी परिसरात जुनी बैठी घरे पाडून त्यांच्या जागी तीन-चार मजली घरे उभी राहत आहेत. या घरांच्या दर्शनी भागावर ग्रॅनाइट, टेराकोटाच्या फरश्या, तंतू-सिमेंटचे फलक किंवा लाकडासारखे दिसणारे पटल बसवण्याकडे घरमालकांचा कल आहे. मात्र आवरण किती वर्षे टिकेल, हे साहित्याच्या किमतीपेक्षा भिंतीवर पडणारे पाणी कोठून आत शिरते आणि कोठून बाहेर पडते, यावर अधिक अवलंबून असते. चुकीच्या आवरणामागे अडकलेली ओल बाहेरून दिसत नाही. ती दिसू लागते तेव्हा आवरण उतरवण्याचा आणि गिलावा नव्याने करण्याचा असा दुहेरी खर्च समोर उभा राहतो.

पाऊस दोन्ही बाजूंनी

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळुरूत वर्षाला सरासरी एक हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २०२२ मध्ये हा आकडा १,७०० मिलीमीटरच्या पुढे गेला आणि २०१७ चा विक्रम मोडला गेला. जून ते सप्टेंबर या काळात वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून, तर ईशान्य मोसमी पावसाच्या काळात पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे घराची एखादीच बाजू ‘पावसाची’ मानून चालत नाही.

कोकणात याच्या जवळपास तिप्पट पाऊस पडतो. तेथे जांभ्याच्या भिंती राखल्या त्या पुढे आलेल्या उतरत्या छपरांनी आणि पावसाळ्यापुरत्या बांधल्या जाणाऱ्या माडाच्या झापांनी. भिंतीवर पाणी पडूच न देणे, हा त्यामागचा विचार होता. आजच्या सपाट छताच्या घरांत छज्जे आखूड झाले किंवा नाहीसे झाले आणि तो सगळा भार आवरणावर आला.

आवरणाआधी गिलावा

अमेरिकेत घराबाहेर लावल्या जाणाऱ्या ‘साइडिंग’च्या पट्ट्या बहुधा लाकडी सांगाड्यावर बसवलेल्या असतात. भारतात भिंत विटांची किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांची असते. त्यामुळे येथे पहिले संरक्षण गिलाव्याचेच. बाहेरील गिलावा दोन थरांत, एकूण सुमारे २० मिलीमीटर जाडीचा असावा आणि त्यावर किमान सात दिवस पाणी मारले जावे. काँक्रीटचा खांब व ठोकळ्यांची भिंत जेथे मिळतात, तेथे दोन्हींचे आकुंचन-प्रसरण वेगळे असल्याने हमखास भेग पडते. म्हणून त्या सांध्यावर गिलाव्याआधी तारेची जाळी ठोकणे आवश्यक असते. छज्जाच्या खालच्या कडेला खोबण ठेवल्यास पाणी भिंतीकडे न ओघळता तेथूनच खाली गळते. गच्चीच्या कठड्याचा माथा आतल्या बाजूला उतरता ठेवल्यास दर्शनी भिंतीवर काळे ओघळ उमटत नाहीत.

बनशंकरीसारख्या वसाहतींत ३० बाय ४० फुटांचे भूखंड सर्रास आढळतात. दोन घरांमधील अंतर अनेकदा इतके कमी असते की, शेजारचे घर उभे राहिल्यावर बाजूच्या भिंतीला पुन्हा परात बांधणे कठीण होते. खर्च मात्र दर्शनी भागावर होतो आणि बाजूची भिंत पातळ गिलाव्यावर किंवा गिलाव्याविना राहते. ओल बहुतेक वेळा तेथूनच घरात येते. ज्या भिंतीपर्यंत नंतर पोहोचता येणार नाही, तिचे काम सर्वांत आधी आणि सर्वांत चांगले होणे हिताचे ठरते.

कोणते साहित्य कोठे?

रंग : चांगल्या गिलाव्यावर बाह्य वापराचा ॲक्रिलिक रंग हा सर्वांत स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा पर्याय आहे. नवा गिलावा अल्कधर्मी व ओलसर असतो. तो साधारण महिनाभर सुकण्याआधी रंग दिल्यास पापुद्रे सुटतात.

ग्रॅनाइट : बंगळुरूचा हा घरचा दगड. १९५६ मध्ये पूर्ण झालेल्या विधान सौधची वास्तू त्याच्या टिकाऊपणाची साक्ष देते. पण तेथे दगड बांधकामाचाच भाग आहे, तर घरांवर चिकटवल्या जातात त्या पातळ फरश्या. २० मिलीमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस मीटरला ५० किलोंहून अधिक भरते. म्हणजे तीन बाय चार मीटरच्या भिंतीवर सहाशे किलोंपेक्षा जास्त भार येतो. वरच्या मजल्यावर केवळ सिमेंट किंवा चिकट द्रव्यावर विसंबणे रस्त्याने जाणाऱ्यांच्या जिवाशी खेळ ठरू शकते. तेथे स्टेनलेस स्टीलच्या पकडी हव्यातच.

वीट व टेराकोटा : भारतीय मानकानुसार सामान्य विटेने २४ तास पाण्यात ठेवल्यावर वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये. कोरडी वीट तोलून, भिजवून पुन्हा तोलल्यास ही चाचणी घरीही करता येते. उघड्या विटांवर वाफ बाहेर जाऊ देणारे जलरोधक द्रव्य लावावे. चकचकीत वॉर्निश ओल आत कोंडते.

तंतू-सिमेंटचे फलक : हे धातूच्या सांगाड्यावर, मागे हवा खेळती ठेवून बसवल्यास पाणी खाली निथळते. कापलेल्या कडा मात्र बंद कराव्या लागतात. फलक ॲस्बेस्टॉसमुक्त असल्याची लेखी खात्री करून घ्यावी.

लाकूड व लाकूड-प्लास्टिक संमिश्र : लाकडाला नियमित तेलपाणी लागते. संमिश्र पट्ट्या उन्हात प्रसरण पावतात, म्हणून सांध्यांत फट सोडावी लागते.

ॲल्युमिनियम संमिश्र पटल : लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. पॉलिथिलीनचा गाभा असलेल्या अशाच पटलांमुळे ती आग बाहेरून वेगाने पसरली. त्यामुळे रंगछटा निवडण्याआधी पटलाच्या गाभ्यात काय आहे, हे विचारणे आवश्यक आहे.

मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे साधे खिळे-स्क्रू लवकर गंजतात. तेथे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरणे योग्य. विदर्भ-मराठवाड्यात पावसापेक्षा ऊन कठोर असते. तेथे गडद रंगाची पटले अधिक तापतात, म्हणून फिक्या छटा व मोकळे सांधे बरे.

खर्चाचा क्रम

ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात आवरणाचा दर ठळक असतो. जाळी, पकडी, सांध्यांचे भरण आणि पाणी मारण्याचे दिवस यांची नोंद अनेकदा नसते. करारापूर्वी या बाबी लेखी मागाव्यात. हमीपत्रात भिंत कोरडी असण्याची अट असेल, तर ती कोण व कशी तपासणार, हेही नोंदवून घ्यावे. निधी मर्यादित असल्यास छज्जे, कठडा आणि चारही भिंतींचा गिलावा आधी पूर्ण करावा. दर्शनी आवरण काही वर्षांनीही बसवता येते, पण त्यामागची ओली भिंत आवरण न काढता दुरुस्त करता येत नाही.